केळीबागेच्या तापमान-नोंदणीसाठी मेकफाइल : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२४

रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या एका छोट्या गटासाठी लिहिलेले तीन प्रोग्रॅम गेल्या हंगामापासून वापरात आहेत. त्यांच्या बिल्डची, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याची, व्यवस्था नीट लावण्याचे काम आजपासून स्वतंत्रपणे हाती घेतले आहे. तिन्ही प्रोग्रॅम सी भाषेत असून आकाराने लहान आहेत. ‘मापन’ हा बागेतल्या पंपघरात बसवलेल्या रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) या छोट्या संगणकावर चालतो, डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरचे वाचन ठरावीक अंतराने फाइलीत लिहितो आणि तापमान सीमेखाली गेले की बझर वाजवतो. ‘अहवाल’ त्याच फाइली वाचून दिवसाचे किमान, कमाल आणि सरासरी तापमान आणि सीमेखाली गेलेले तास काढतो. ‘पट्टी’ घडांच्या वजनाची पट्टी छापतो आणि तो गटाच्या खोलीतल्या विंडोज संगणकावर लागतो. तारखेची मांडणी सांभाळणारी ‘दिनांक.सी’ तिघांनाही लागते. तापमानाची सीमा ‘सीमा.एच’ या हेडरमध्ये, म्हणजे अनेक सोर्स फाइलींनी वाचायच्या सामायिक फाइलीत, एकाच जागी लिहिलेली आहे आणि ती पहिल्या दोघांना लागते.

आजवर बिल्डसाठी एक शेल स्क्रिप्ट होती. तिच्यात जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरला हाक मारणाऱ्या तीन लांब ओळी होत्या आणि ती चालवली की सगळे काही पहिल्यापासून कंपाइल होत असे, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरत असे. ही पद्धत वाईट नाही. एवढ्याशा कोडला लॅपटॉपवर वेळ असा लागतच नाही, आणि स्क्रिप्ट प्रत्येक वेळी सगळेच नव्याने करत असल्यामुळे जुना तुकडा मागे राहण्याचा प्रश्न येत नाही. तरीही ती सोडावी लागते, कारण आता तीन वेगवेगळ्या यंत्रांसाठी तीन प्रकारची बिल्ड हवी आहे, कंपायलरला द्यायचे पर्याय, म्हणजे फ्लॅग, त्या तीन ओळींत वेगवेगळे झाले आहेत आणि कोणती फाइल कोणाला लागते हे स्क्रिप्ट वाचून कळत नाही. गटातला दुसरा कोणी उद्या हे काम पुढे नेणार असेल, तर त्याला ते कुठेतरी लिहिलेले सापडले पाहिजे.

९ डिसेंबर २०२४

जीएनयू मेक वापरायचे ठरवले. कोणती फाइल कशापासून तयार होते हे मेकफाइलीत लिहिले की बदललेल्या फाइलींपुरतेच काम मेक पुन्हा करतो. लॅपटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स आहे आणि त्यात मेकची ४.३ ही आवृत्ती मिळते, तेवढी पुरेशी आहे. पहिली मेकफाइल मुद्दाम अगदी कमी ओळींची ठेवली. एकाच सोर्स फाइलचा प्रोग्रॅम असेल तर मेकफाइल नसतानाही मेक तो तयार करून देतो, कारण ‘.सी’वरून ‘.ओ’ ही ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) कशी करायची आणि त्यावरून प्रोग्रॅम कसा जोडायचा याचे नियम त्याच्यात मुळातच बसवलेले असतात. आपल्याला फक्त कोणत्या प्रोग्रॅमला कोणत्या ऑब्जेक्ट फाइली लागतात एवढे सांगायचे होते आणि ते तीन ओळींत झाले.

गटातला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा या कामात मदतीला आहे. त्याला मेकफाइल वाचून दाखवताना दोन गोष्टी आधी सांगाव्या लागल्या. पहिली अशी की फाइलीत जे टार्गेट, म्हणजे तयार करायच्या गोष्टीचे नाव, सर्वांत आधी येते, तेच नुसते ‘मेक’ म्हटल्यावर तयार होते. म्हणून ‘सर्व’ हे टार्गेट वर ठेवले आणि ते व तयार फाइली पुसणारे ‘साफ’ ही दोन्ही नावे फोनी, म्हणजे फाइलीची नसलेली, म्हणून जाहीर केली, म्हणजे चुकून त्या नावाची फाइल तयार झाली तरी अडचण होणार नाही. दुसरी गोष्ट टॅबची. आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, स्पेस चालत नाहीत, आणि स्पेस पडल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ एवढेच सांगून मेक थांबतो. ‘असे का ठेवले असेल, दादा?’ असे त्याने विचारले. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिला, तेव्हा काही आठवड्यांतच डझनभर लोक तो वापरू लागले होते, आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून फेल्डमन यांनी टॅबचा नियम तसाच राहू दिला. आता एडिटरच्या सेटिंगमध्ये मेकफाइलसाठी टॅबचे स्पेसमध्ये रूपांतर बंद केले आहे. एवढे केले की हा विषय पुन्हा डोके वर काढत नाही.

१२ डिसेंबर २०२४

आजची नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण या साऱ्या कामाचा गाभा इथे आहे.

थंडीत तापमान दहा अंशांच्या आसपास उतरू लागले की केळीची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात आणि निसवण (घड बाहेर पडणे) लांबते. म्हणून रात्री बागेला पाणी देणे, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करणे असे उपाय आपल्याकडे करतात. गटातल्या ज्येष्ठ शेतकऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, असे सुचवले की बझर दहा अंशांवर वाजून उपयोग नाही, कारण तोवर पाण्याची वेळ निघून गेलेली असते. तो बाराला वाजला पाहिजे. मागणी रास्त आहे आणि कोडमध्ये बदल एका अंकाचा आहे. हा बदल परवाच्या मेकफाइलीतून कसा जातो हे पाहण्यासाठी प्रकल्पाची वेगळी प्रत काढून मुद्दाम प्रयोग केला.

‘सीमा.एच’मध्ये १०च्या जागी १२ लिहिले. ‘मापन.सी’मध्ये त्याच वेळी बझरच्या वेळेचा आणखी एक छोटा बदल केला, आणि मेक चालवला. मेकने ‘मापन’ पुन्हा कंपाइल केला. ‘अहवाल’बद्दल मात्र तो अद्ययावत आहे असे शांतपणे कळवले, कारण ‘अहवाल.सी’ला कोणी हात लावलेला नव्हता आणि ही फाइल ‘सीमा.एच’वर अवलंबून आहे हे मेकला कोणी सांगितलेलेच नव्हते. परिणाम असा की बझर बारा अंशांना वाजेल, पण सकाळचा अहवाल मात्र दहाच्या खालचेच तास मोजेल. दोन्ही प्रोग्रॅम बिनतक्रार चालतील, कुठेही एरर येणार नाही, आणि रात्रभर बझर वाजूनही अहवालात शून्य तास का दिसतात याचा शोध शेतकरी सेन्सरमध्ये घेत बसेल.

म्हणूनच माझे ठाम मत आहे की हेडरच्या डिपेंडन्सी (कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे ते) न सांगणारी मेकफाइल ही साध्या स्क्रिप्टपेक्षा अधिक घातक असते. स्क्रिप्ट वेळ घालवते, पण तिच्या हातून जे तयार होते ते समोरच्या कोडचेच असते. अर्धवट मेकफाइल वेळ वाचवते आणि त्या बदल्यात कधीकधी कालच्या कोडचा प्रोग्रॅम आजचा म्हणून हाती देते. मेकचा जन्मही असल्याच एका प्रसंगातून झाला आहे. बेल लॅब्जमधले स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्रॅममधली चूक आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती, आणि बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधण्यात त्यांची सबंध सकाळ गेली. फेल्डमन यांनी मेक लिहिला तो ही सकाळ दुसऱ्या कोणाची जाऊ नये म्हणून. मेकफाइल लिहून पुन्हा त्याच जागी यायचे असेल तर ती लिहिण्याला अर्थ राहत नाही.

उपाय जीसीसीमध्येच आहे. ‘-एमएमडी’ हा फ्लॅग दिला की कंपाइल करता करता प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीशेजारी ‘.डी’ नावाची एक छोटी फाइल तयार होते, आणि त्या सोर्सने प्रत्यक्षात कोणकोणते हेडर वाचले ते तीत मेकच्याच भाषेत लिहिलेले असते. सिस्टीमचे हेडर यात येत नाहीत, आपले तेवढे येतात. मेकफाइलीच्या शेवटी या ‘.डी’ फाइली इन्क्लूड करायच्या आणि त्या आज्ञेच्या आधी वजाचे चिन्ह द्यायचे, म्हणजे पहिल्या वेळी त्या नसल्या तरी मेक अडणार नाही. पहिल्या वेळी त्यांची गरजही नसते, कारण ऑब्जेक्ट फाइलच नसल्यामुळे सगळे कंपाइल होणारच असते. जोडीला ‘-एमपी’ हा फ्लॅग द्यावा, नाहीतर एखाद्या हेडरचे नाव बदलले किंवा तो काढून टाकला की जुन्या ‘.डी’ फाइलीतले त्याचे नाव पाहून मेक ‘हे कसे करायचे ते ठाऊक नाही’ म्हणून थांबतो.

हाताने हेडरची यादी लिहिण्याचा पर्याय मी विचारातही घेतला नाही. अशी यादी म्हणजे वारस नोंदी न चढवलेला सातबारा. लिहिली त्या दिवशी ती बरोबर असते, पुढे जमिनीवर काय बदलले ते तिला कळत नाही. इथे नोंद कंपायलर स्वतः दर वेळी नव्याने करतो, आणि त्याने जे वाचले तेच लिहितो.

यानंतर तपासणी केली. मेकला ‘-एन’ दिला की तो आज्ञा नुसत्या दाखवतो, चालवत नाही, आणि ‘-डब्ल्यू’पुढे फाइलीचे नाव दिले की ती आत्ताच बदलली आहे असे धरून चालतो. दोन्ही मिळून ‘सीमा.एच’चे नाव दिले तेव्हा ‘मापन’ आणि ‘अहवाल’ दोघांच्या आज्ञा दिसल्या, ‘पट्टी’ची दिसली नाही. हवे ते हेच होते. आबांचा बदल मूळ प्रतीत घेतला.

१४ डिसेंबर २०२४

आज फ्लॅग एका जागी आणले. ‘-वॉल’ आणि ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ हे इशाऱ्यांचे फ्लॅग, चुका शोधण्याच्या माहितीसाठी ‘-जी’ आणि वेगासाठी ‘-ओ२’ असा संच ठरवला. ‘-वॉल’ या नावात सगळे इशारे येतात असे वाटते, तरी बरेच इशारे त्याच्या बाहेर राहतात, म्हणून दुसरा फ्लॅग सोबत हवाच.

दोन बारकावे नोंदवून ठेवतो. कंपायलरचे नाव ‘सीसी’ या व्हेरिएबलमध्ये असते आणि ते ‘?=’ने देण्याची सवय बऱ्याच मेकफाइलींमध्ये दिसते, म्हणजे बाहेरून दिले असेल तर ते घ्यावे, नसेल तर आपले वापरावे. पण ‘सीसी’ला मेकने आधीच स्वतःचे मूल्य दिलेले असते, ‘?=’ हे व्हेरिएबल अजिबात ठरलेले नसेल तरच लागू होते, त्यामुळे ती ओळ इथे काहीच करत नाही. साध्या ‘=’ने लिहावे. आज्ञेच्या ओळीवर दिलेले मूल्य तरीही त्याच्यावर मात करते, म्हणून लवचिकता कुठे जात नाही.

दुसरा बारकावा याच्याच उलट बाजूचा आहे. कोणी आज्ञेच्या ओळीवर ‘सीफ्लॅग्ज’ दिले, तर मेकफाइलीत ‘+=’ने पुढे जोडलेले फ्लॅगही लागू होत नाहीत, बाहेरचे मूल्य पूर्णपणे जागा घेते. म्हणून ‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’ हे दोन फ्लॅग ‘सीफ्लॅग्ज’मध्ये ठेवले नाहीत. ज्यांच्याशिवाय बिल्ड खोटी पडेल ते फ्लॅग वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवले आणि आज्ञेत दोन्ही लिहिली. ‘-ओ२’ कोणी काढले तर प्रोग्रॅम थोडा हळू चालेल एवढेच. डिपेंडन्सीचे फ्लॅग निघून गेले तर परवाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मेकफाइल स्वतःही प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीची डिपेंडन्सी म्हणून लिहिली आहे. फ्लॅग बदलले तर सगळे पुन्हा कंपाइल व्हायला हवे, आणि फ्लॅग मेकफाइलीतच असतात. असे केल्यावर कंपाइलच्या आज्ञेत ‘$^’ वापरून चालत नाही, कारण त्यात सगळ्या डिपेंडन्सी येतात आणि मेकफाइलही कंपायलरच्या हाती जाते. ‘$<’ वापरावे, त्यात पहिली डिपेंडन्सी तेवढीच येते.

१८ डिसेंबर २०२४

‘अहवाल’मध्ये तापमानाचे प्रमाण विचलन काढण्यासाठी वर्गमूळ लागते आणि त्यासाठी गणिताची लायब्ररी ‘-एलएम’ने जोडावी लागते. ही जोडणी ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिहायची, आधी नाही, कारण तुकडे जोडणारा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि ज्याची गरज अजून निर्माणच झालेली नाही ती गोष्ट तो स्टॅटिक लायब्ररीतून उचलत नाही. मेकच्या स्वतःच्या नियमात ‘एलडीफ्लॅग्ज’ हे ऑब्जेक्टच्या आधी आणि ‘एलडीलिब्ज’ नंतर येते, म्हणून लायब्ररीचे नाव दुसऱ्यातच हवे. एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की वर्गमूळ स्थिर संख्येचे असेल तर जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि लायब्ररी न जोडताही चाचणी पार पडते. खरा आकडा आल्यावर मात्र लिंकर अडतो.

२१ डिसेंबर २०२४

पायवर कंपाइल करण्याऐवजी लॅपटॉपवरच पायसाठी कंपाइल करण्याची सोय आज केली. पायवर ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस आहे, म्हणून डेबियनचा ‘एआर्च६४’साठीचा (६४ बिट एआरएम प्रोसेसरसाठीचा) क्रॉस कंपायलर पुरतो. गटातल्या एकाकडे जुना पाय झीरो पडून आहे, त्याला ही वाट लागू पडणार नाही. त्या बोर्डाचा प्रोसेसर एआरएमव्ही६ जातीचा आहे आणि डेबियनच्या ३२ बिट हार्ड-फ्लोट क्रॉस कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररी एआरएमव्ही७ धरून बनवलेल्या असतात. अशी बिल्ड तिथे सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून थांबते.

कंपायलर दोन झाले की मेकचा एक मोठा आंधळा कोपरा समोर येतो. मेक फाइलींच्या वेळा तपासतो. एखादी ऑब्जेक्ट फाइल कोणत्या कंपायलरने तयार केली याची तो विचारपूस करत नाही. लॅपटॉपसाठी बिल्ड करून लगेच ‘सीसी’ बदलून मेक चालवला, तर ऑब्जेक्ट फाइली सोर्सपेक्षा नव्या असल्यामुळे तो त्या तशाच ठेवतो, आणि पायचा लिंकर त्या पाहून फाइलीचा प्रकार चुकीचा असल्याची तक्रार करतो. एकही सोर्स बदललेला नसेल तर लिंकरपर्यंतही गोष्ट जात नाही; सगळे अद्ययावत आहे असे सांगून मेक मोकळा होतो आणि लॅपटॉपचाच प्रोग्रॅम पायवर जातो. दर वेळी आधी ‘साफ’ चालवा असा नियम करता आला असता, पण माणसाच्या आठवणीवर सोडलेला नियम हा बिल्डचा भाग म्हणून मला मान्य नाही.

तेव्हा प्रत्येक यंत्रासाठी ऑब्जेक्टची वेगळी डिरेक्टरी केली आणि तिचे नाव कंपायलरलाच विचारायचे ठरवले. जीसीसीला ‘-डंपमशीन’ दिले की तो कोणत्या यंत्रासाठी कोड काढतो ते नाव सांगतो. ते नाव ‘:=’ने एकदाच घेऊन ठेवले, नाहीतर व्हेरिएबल जिथे जिथे येईल तिथे तिथे कंपायलरला पुन्हा विचारले जाते. नियमाची ओळ वाचण्यासाठी देवनागरीत उतरवायची तर अशी होते:

$(बिल्डघर)/%.ओ : %.सी मेकफाइल | $(बिल्डघर)

यातली उभी रेघ महत्त्वाची आहे. रेघेच्या उजवीकडची गोष्ट अस्तित्वात असली म्हणजे झाले, तिची वेळ पाहू नये, असा तिचा अर्थ आहे. डिरेक्टरीत नवी फाइल आली की डिरेक्टरीची स्वतःची वेळही बदलते; रेघ नसती तर प्रत्येक बिल्डनंतर डिरेक्टरी ऑब्जेक्टपेक्षा नवी ठरून बराचसा भाग विनाकारण पुन्हा कंपाइल झाला असता.

संध्याकाळी तयार प्रोग्रॅम पायवर नेला तेव्हा तो ‘ग्लिबसी २.३४ सापडत नाही’ म्हणून अडला. ग्लिबसी ही सी प्रोग्रॅमना लागणारी सिस्टीमची मूळ लायब्ररी. पायवरची प्रणाली डेबियन ११च्या पायावरची आहे, तिच्यात ग्लिबसी २.३१ आहे, लॅपटॉपवर २.३६ आहे. नव्या ग्लिबसीशी जोडलेला प्रोग्रॅम जुन्या ग्लिबसीवर चालेलच अशी हमी कधीच नसते, आणि २.३४मध्ये तर मेन फंक्शन सुरू करून देणाऱ्या भागालाच नवे आवृत्ती-चिन्ह मिळाले असल्याने अगदी साधा प्रोग्रॅमही अडतो. थंडी संपेपर्यंत पायची प्रणाली बदलण्याचा धोका नको, म्हणून पायच्या बिल्डला ‘-स्टॅटिक’ लावले, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच भरली. प्रोग्रॅमचा आकार काहीशे किलोबाइटने वाढला, त्याचे काही नाही. नेटवर्कवरची नावे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला स्टॅटिक जोडणी त्रासदायक ठरते. ‘मापन’ नेटवर्कला हात लावत नाही.

२८ डिसेंबर २०२४

आज दिवसभर पंपघरात होतो. सेन्सरच्या वाचनाचा भाग पायवरच बदलून पाहायचा होता, कारण सेन्सर तिथेच जोडलेला आहे. डीएस१८बी२० वीज आल्याबरोबर, पहिले मोजमाप होण्याआधी वाचला तर ८५ अंश सांगतो, आणि ते वाचन वगळायला हवे होते.

दुपारी बिल्ड झाली. थोड्या वेळाने वीज गेली आणि बऱ्याच वेळाने आली. पाय सुरू झाला, ‘मापन.सी’मध्ये आणखी एक दुरुस्ती केली, मेक चालवला, आणि मेकने सांगितले की ‘मापन’ अद्ययावत आहे. त्याच्या खालीच घड्याळात तफावत आढळल्याची आणि बिल्ड अपुरी असू शकते अशी सूचना होती. ही सूचना पुष्कळ लोक वाचून पुढे जातात. तिचा शब्दन् शब्द खरा असतो.

घडते ते असे. या पायवर स्वतःचे बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. त्याऐवजी फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाची सोय असते. ती व्यवस्थित बंद करताना आणि अधूनमधून, तासातासाने, चालू वेळ एका फाइलीत लिहून ठेवते आणि पुन्हा सुरू होताना तीच वेळ धरून चालते. इंटरनेट असेल तर थोड्याच वेळात घड्याळ दुरुस्त होते. पंपघरात इंटरनेट नाही. वीज अचानक गेल्यामुळे घड्याळ मागच्या नोंदीच्या वेळेवर उठले, आणि वीज नव्हती तो काळ त्याच्या हिशेबी गेलाच नाही. आज ऑब्जेक्ट फाइलीवर तीन वाजून पाच मिनिटांची वेळ होती. वीज आल्यावर घड्याळ दोन सतराला सुरू झाले आणि माझी दुरुस्ती दोन एकतीसची ठरली. सोर्स ऑब्जेक्टपेक्षा जुना आहे, तेव्हा करण्यासारखे काही नाही, हा मेकचा निष्कर्ष त्याच्या हाती असलेल्या माहितीवरून अगदी बरोबर होता.

मेकफाइलीत याला उत्तर नाही, कारण मेकचे सगळे गणितच फाइलींच्या वेळांवर उभे आहे आणि ती वेळच इथे मागे गेली आहे. तात्पुरते काम भागवण्यासाठी ‘मेक -बी’ आहे. तो वेळा न पाहता सगळे नव्याने करतो, आणि आज तोच वापरला. खरी दुरुस्ती यंत्रात हवी. डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल आणि त्यातला नाण्यासारखा सेल एवढे बसवले की वीज गेली तरी वेळ चालू राहते. जळगावहून ते मागवले आहे. ‘मापन’ लिहितो त्या प्रत्येक तापमानापुढेही याच घड्याळाची वेळ असते, तेव्हा मॉड्यूलचा फायदा बिल्डपुरता राहत नाही. पहाटे चारचे तापमान रात्री दोनच्या नावावर लागले तर सीमेखालचे तास कोणत्या वेळचे, हे अहवालावरून सांगता येणार नाही.

२ जानेवारी २०२५

वीज जाण्याचा दुसरा परिणाम आज दिसला. ‘दिनांक.ओ’ ही ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची निघाली आणि लिंकरने तिचा प्रकार ओळखता येत नाही असे कळवले. कंपाइल चालू असताना किंवा नुकतेच झालेले असताना वीज गेली की फाइलीचे नाव डिस्कवर उमटते आणि मजकूर मात्र मेमरीतच राहून जातो. नाव आहे, वेळ सोर्सनंतरची आहे, म्हणून मेक तिला पूर्ण समजतो.

‘.डिलीट_ऑन_एरर’ हे टार्गेट मेकफाइलीत लिहून ठेवले आहे. आज्ञा अयशस्वी झाली तर अर्धवट टार्गेट पुसून टाकावे असा त्याचा अर्थ आहे आणि ते प्रत्येक मेकफाइलीत असावे असे मला वाटते. पण वीज जाते तेव्हा मेक स्वतःच थांबलेला असतो, पुसणार कोण? त्यासाठी वेगळे ‘तपास’ टार्गेट लिहिले. ते बिल्डघरातल्या शून्य बाइटच्या फाइली शोधून काढून टाकते, आणि पायवर बिल्ड करायची वेळ आलीच तर आधी तेच चालते.

५ जानेवारी २०२५

‘पट्टी’ची विंडोजसाठीची बिल्डही लॅपटॉपवरूनच मिंगडब्ल्यू कंपायलरने होते. डिरेक्टरीचे नाव कंपायलर सांगत असल्यामुळे इथे नवे काही लिहावे लागले नाही; त्या नावात ‘मिंगडब्ल्यू’ आढळले तर प्रोग्रॅमच्या नावापुढे ‘.ईएक्सई’ लावायचे एवढी एक ओळ वाढली. विंडोज संगणकावर प्रकल्पाची प्रत ‘केळी नोंदी’ नावाच्या फोल्डरात होती. मेकच्या दृष्टीने स्पेस म्हणजे दोन नावांमधली फट, आणि मार्गात स्पेस आली की नियम तुटतात. फोल्डरचे नाव ‘केळीनोंदी’ केले.

११ जानेवारी २०२५

मदतीला असलेल्या मुलाने सीमेक वापरावे असे सुचवले. त्याच्या कॉलेजात तेच शिकवतात आणि त्याचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. किटवेअरने २००० सालाच्या सुमारास सुरू केलेले हे साधन स्वतः कंपाइल करत नाही, मेक किंवा निंजा या दुसऱ्या बिल्ड-साधनासाठीच्या फाइली तयार करून देते, आणि हेडरच्या डिपेंडन्सी, वेगळी बिल्ड डिरेक्टरी, क्रॉस कंपायलर ही सगळी व्यवस्था त्याच्यात आधीपासून आहे. प्रोग्रॅम वाढले, बाहेरच्या चार लायब्ररी आल्या किंवा विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने बिल्ड करायची झाली, तर मी स्वतः सीमेककडे जाईन.

आत्ता जात नाही, त्याचे कारण असे. आपली मेकफाइल एका पानात मावते आणि ‘अहवाल’ पुन्हा का कंपाइल झाला हे ‘मेक --ट्रेस’ एका ओळीत सांगतो. सीमेकने काढलेल्या मेकफाइली माणसाने वाचण्यासाठी नसतात. या कामात ज्या ज्या अडचणी आल्या, त्या मेक काय पाहतो आणि काय पाहत नाही हे डोळ्यांसमोर असल्यामुळेच उलगडल्या, आणि हे ज्ञान त्या मुलाकडेही असावे अशी माझी इच्छा आहे. सीमेकची फाइल त्याने हौसेने वेगळ्या शाखेत लिहून पाहावी असे ठरले. दोन्हींच्या बिल्ड शेजारी ठेवून पाहता येतील.

१८ जानेवारी २०२५

घड्याळाचे मॉड्यूल बसले. पायची वीज हाताने काढून, चहा घेऊन येऊन, पुन्हा लावली. वेळ बरोबर होती आणि मेकची तफावतीची सूचना आली नाही.

‘बसवा’ हे टार्गेट लिहिले. प्रोग्रॅम कुठे ठेवायचे ते ‘प्रीफिक्स’ व्हेरिएबलमधून येते आणि त्याच्या आधी ‘डेस्टडिर’ लावले आहे, म्हणजे लॅपटॉपवरच एका रिकाम्या डिरेक्टरीत पायची सगळी मांडणी उभी करून ती पेनड्राइव्हवरून नेता येते. साध्या नकलेऐवजी ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा वापरली, कारण ‘मापन’ चालू असताना त्याच्याच फाइलीवर लिहू गेले तर फाइल वापरात असल्याचे सांगून सिस्टीम नकार देते. ‘इन्स्टॉल’ जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवतो आणि चालू असलेला प्रोग्रॅम बंद करेपर्यंत जुन्यावरच चालत राहतो. म्हणून बसवल्यानंतर ‘मापन’ पुन्हा सुरू करण्याची आज्ञा त्याच टार्गेटमध्ये शेवटी घातली आहे. मात्र ‘डेस्टडिर’ दिलेले असेल तेव्हा ती वगळली जाते, कारण तेव्हा पाय समोर नसतो.

शेवटची तपासणी प्रत्येक हेडरसाठी आणि मेकफाइलीसाठी ‘-एन’ व ‘-डब्ल्यू’ लावून केली आणि कोणती फाइल बदलली की काय काय पुन्हा तयार होते याची यादी ‘वाचा’ फाइलीत लिहिली. ‘दिनांक.एच’ बदलला की तिन्ही प्रोग्रॅम, ‘सीमा.एच’ बदलला की ‘मापन’ आणि ‘अहवाल’, मेकफाइल बदलली की सर्व काही. जुनी स्क्रिप्ट प्रकल्पातून काढली. विंडोज संगणकावरची ‘पट्टी’ अजून पेनड्राइव्हवरून हातानेच न्यावी लागते. तिथल्या ‘बसवा’चे काम पिलबागेची (पहिल्या पिकानंतर पिलांवर घेतलेल्या बागेची) कापणी झाल्यावर, गटाची खोली मोकळी मिळेल तेव्हा करायचे आहे.